आधी पान पाहा, मग वेल लावा

नर्सरीत जाऊन ‘मॉर्निंग ग्लोरी द्या’ म्हटलं, की हातात नेमकं काय पडेल याचा भरवसा नसतो. जूनमध्ये गेलात तर बियांची पुडी मिळते. तिच्यावर निळंभोर फूल छापलेलं असतं आणि उगवून येतं ते गुलाबी. ओळखीतला माळी असेल तर तो कौतुकानं एक फांदी कापून देतो. ती लावली की दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत वेल वरच्या मजल्यावरच्या एसीच्या पाइपाला जाऊन भिडलेली असते. कुणी गणेशवेल देतो, कुणी रुळांच्या कडेला वाढणारी जांभळट फुलांची रानवेल. यातलं कुणी आपल्याला फसवत नसतं. एकाच नावाखाली इतक्या वेली नांदतात, की देणाऱ्यालाही बहुतेक वेळा आपण काय देतोय ते ठाऊक नसतं.

मी गेली बारा-तेरा वर्षं पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत या वेली लावतेय. पहिल्या तीन वर्षांत जे काही बिघडलं, त्यातलं निम्मं चुकीची वेल चुकीच्या जागी लावल्यामुळं बिघडलं. म्हणून खतपाण्याच्या आधी ओळखीचं सांगते. ही ओळख फुलावरून पटवायला जाऊ नका. फुलं सगळ्यांची एकाच घडणीची असतात, पाच पाकळ्या एकजीव होऊन झालेलं नरसाळं. त्यावर मधोमध चांदणीसारख्या पाच पट्ट्या असतात, त्या एकेका पाकळीच्या मध्यरेषा. खरी ओळख पानात आणि फुलाच्या देठाशी असलेल्या हिरव्या निदलांत असते.

पानावरून ओळख

वनस्पतिशास्त्रात या वेलींचं कुल हरिणपदी आणि प्रजाती आयपोमिया. या एका प्रजातीत सहाशेहून अधिक जाती आहेत. आपल्या गॅलरीशी त्यातल्या चार-पाचच जातींचा संबंध येतो.

पावसाळ्यात कुंपणांवर, पडीक जागेत आपसूक उगवते ती आयपोमिया निल. आयुर्वेदात हिच्या बियांना कृष्णबीज म्हणतात, काष्ठौषधींच्या दुकानात त्याच ‘काळा दाणा’ म्हणून मिळतात. हिचं पान तीन टोकांचं, हाताला किंचित केसाळ लागतं. फुलाखालची निदलं लांब, शेपटीसारखी निमुळती आणि बुडाशी राठ केसांची. फूल आकाशी किंवा निळं, नळी पांढरी. ही वर्षायू आहे. बी पडतं, वेल वाळते आणि पुढच्या पावसात पुन्हा उगवते. नवख्या माणसानं सुरुवात करावी ती हिच्यापासून. उन्हाला, पावसाला, आपल्या विसरभोळेपणालाही ही पुरून उरते.

पान बदामाच्या आकाराचं, निदलं आखूड आणि फूल थोडं लहान असेल तर ती आयपोमिया पर्प्युरिया. जांभळा, गुलाबी, पांढरा, पांढऱ्यावर जांभळे फराटे असे हिचे अनेक रंग आहेत. परदेशी बियांच्या पुड्यांत जास्त करून हीच असते. फळ धरलं की हिचा देठ खाली वाकतो, ही आणखी एक खूण.

पान बदामी पण अगदी गुळगुळीत, कुठंही लव नाही, निदलं छोटीशी आणि पांढरट काठाची, फुलाचा गळा पांढरा आणि आतून पिवळसर, अशी वेल दिसली तर ती आयपोमिया ट्रायकलर. मूळ मेक्सिकोकडची. ‘हेवनली ब्लू’ हा प्रसिद्ध वाण हिचाच. पुड्यांवर छापतात ते फूल बहुतेक वेळा हे असतं. आपल्या भर पावसात ती माझ्याकडे कधीच रमली नाही, मुळं कुजून गेली. गणपती झाल्यावर पेरली तेव्हा मात्र दिवाळीच्या पुढंमागं तिनं जी फुलं दिली, तसा निळा रंग मी दुसऱ्या कुठल्या फुलात पाहिलेला नाही.

एकाच वेलीवर काही पानं बदामी आणि काही तीन टोकांची, फुलं घोसानं, गर्द निळी, दुपारपर्यंत जांभळट-गुलाबी होणारी, आणि बी धरत नाही असं दिसलं की समजा, ही बारमाही आयपोमिया इंडिका. माळी फांदी कापून देतो ती हीच. जमिनीला टेकली की पेरापेराला मुळं फुटतात. बंगल्याच्या लांबरुंद कुंपणाला ही शोभते आणि वर्षातून दोनदा कडक छाटणी केली तर आटोक्यातही राहते. फ्लॅटच्या गॅलरीत लावू नका, हे मी मनापासून सांगते. माझ्या या वेलीनं खालच्या मजल्यावरच्या काकूंची कपडे वाळत घालायची दोरी काबीज केली होती, आणि वेल उपटायला दोन रविवार लागले.

पाच बोटांच्या पंजासारखं पान असेल तर ती आयपोमिया कैरिका. मुंबईच्या लोकल मार्गांलगत भिंती, तारा आणि पडकी केबिनं झाकून टाकणारी फिकट जांभळी फुलं तुम्ही खिडकीतून पाहिली असतील. रेल्वे क्रीपर हे तिचं नाव तिला शोभून दिसतं. तिला तिथंच राहू द्यावं.

बी ते वेल

या बियांचं टरफल टणक असतं. नुसतं मातीत टाकलेलं बी आठवडाभरात उगवेल किंवा पुढच्या वर्षी उगवेल. बी हातात घेऊन नीट पाहा. संत्र्याची फोड असते तसा त्याचा आकार असतो, दोन बाजू सपाट आणि पाठ गोल. टोकाशी एक खळगा असतो, तो बियाचा डोळा. त्या डोळ्याला धक्का न लावता गोल पाठीवर नेलकटरनं किंवा काचकागदानं किंचित खरवडायचं. आतला फिकट गर दिसायला लागला की थांबायचं. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालायचं. सकाळी फुगलेली बियाणी पेरायची, न फुगलेली पुन्हा खरवडायची. चोवीस तासांपेक्षा जास्त वेळ पाण्यात ठेवलं तर बी गुदमरतं.

पेरणी कुंडीतच करा, आणि जिथं वेल वाढणार त्याच कुंडीत. या वेलींना मूळ हललेलं सोसत नाही. ट्रेमध्ये रोपं करून लावायचीच असतील तर कागदाच्या कपात करा आणि कपासकट मातीत ठेवा. बारा इंची कुंडीत तीन वेली, आठ इंचीत एक. दोन भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा वाळू, वरून मूठभर निंबोळी पेंड. अर्धं पेर खोल बी टाकायचं. चार ते सात दिवसांत उगवण होते आणि जी पहिली दोन दळं बाहेर येतात, ती हुबेहूब आपट्याच्या पानासारखी, मधोमध चिरलेली असतात. तणाचं रोप आणि आपलं रोप यात गोंधळ व्हायला नको, म्हणून ही खूण लक्षात ठेवा.

खताबाबतीत माझी पहिली चूक सांगते, कारण ती सगळेच करतात. वेल जोमात यावी म्हणून मी दर पंधरवड्याला युरियाचं पाणी घातलं. पानं तळहाताएवढी झाली, वेल गच्च झाली, बघणारे वाहवा करत होते. सप्टेंबर सरला तरी एक कळी नव्हती. नत्र जास्त झालं की ही वेल पानांतच रमते. सुरुवातीला जे शेणखत घातलं ते दोन महिने पुरतं. कळ्या दिसायला लागल्या की महिन्यातून एकदा राख किंवा चहाच्या चमच्याएवढं हाडांचं खत मातीत मिसळा, त्यापलीकडे काही नको.

पाण्याचं गणित ऊन बघून करायचं. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी पानं मान टाकतात, ती पाहून घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी पानं आपोआप उभी राहतात. संध्याकाळीही मलूल राहिली तर मात्र कुंडी कोरडी आहे. सकाळी पोटभर पाणी हाच नियम चांगला.

आधार सुतळीचा द्या. मनगटाएवढ्या जाड पाइपाला वेलीची मिठी बसत नाही, ती घसरते. सुतळी, पातळ बांबू, तारेची जाळी चालते. वेल वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं गुंडाळत चढते. आपण हौसेनं तिला दुसऱ्या बाजूनं गुंडाळलं तर दुसऱ्या दिवशी तिनं ते सोडवून टाकलेलं असतं. गॅलरी लहान असेल तर जपानी पद्धत उपयोगी पडते. कुंडीत तीन काड्या उभ्या करायच्या, त्यांना खालपासून वरपर्यंत तारेची तीन-चार कडी बांधायची आणि वेल कंदिलाला गुंडाळावी तशी या सांगाड्याभोवती फिरवायची. सहा-सात पानं झाली की शेंडा खुडायचा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात. हात-दीड हात उंचीच्या त्या कंदिलावर रोज सकाळी पाच-सात फुलं उमलतात.

कीड फार नाही, पण आहे. पानांवर चाळणीसारखी गोल भोकं दिसली तर पान उलटून बघा. सोन्याचा मुलामा दिल्यासारखा चकचकीत, कासवाच्या आकाराचा छोटा भुंगेरा सापडेल. तो हातानंच उचलून टाकावा, फवारणीची गरज नाही. एका रात्रीत अख्खा शेंडा फस्त झाला असेल तर शेपटीला शिंग असलेली बोटाएवढी अळी शोधा. ती एका मोठ्या, झपाट्यानं उडणाऱ्या पतंगाची अळी आहे. हाच पतंग पुढं रात्री फुलांवर मध प्यायला येतो, म्हणून मी ती मारत नाही, मागच्या मोकळ्या जागेतल्या रानवेलीवर नेऊन सोडते. पिठ्या ढेकणाला साबणाचं पाणी, आणि कोरड्या हवेत लाल कोळी झाला तर पानांच्या मागच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा.

अंधाराचा हिशेब

फुलं का येत नाहीत, हा मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. युरियाचं कारण वर सांगितलं. दुसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे रात्रीचा दिवा.

आमच्या घराला दोन गॅलऱ्या. एक रस्त्याच्या बाजूला, एक मागं. एका वर्षी एकाच पुडीतलं बी एकाच दिवशी दोन्हीकडे पेरलं. मागच्या गॅलरीत गणपतीत फुलं आली. पुढच्या गॅलरीतली वेल छताला लागली, पण कळी नाही. खत तेच, माती तीच, ऊन उलट पुढंच जास्त. नोव्हेंबर उजाडला तेव्हा कुठं वरच्या, भिंतीच्या सावलीत गेलेल्या फांद्यांवर फुलं दिसू लागली. तेव्हा उलगडा झाला. रस्त्यावरचा दिवा बरोबर आमच्या कठड्यासमोर होता आणि रात्रभर वेलीवर त्याचा उजेड पडत होता.

निल जातीची ही वेल लांब रात्रीची भुकेली आहे. जपानी शास्त्रज्ञांनी फुलोऱ्याचा अभ्यास करायला हीच वेल निवडली. ‘व्हायोलेट’ नावाच्या तिच्या एका वाणाच्या रोपाला, नुसती पहिली दोन दळं उमललेली असताना, सोळा तासांचा एकच सलग अंधार दिला तरी ते कळी धरतं. आणि तो अंधार मध्येच उजेडानं मोडला तर धरत नाही. आपल्याकडचा सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या थोडासाच पुढं जातो, त्यामुळं महाराष्ट्रात या वेलीला रात्रीची वाण कधीच पडत नाही. वाण पडते ती आपल्या दिव्यांमुळं. म्हणून कुंडी ठेवण्याआधी एकदा रात्री अकराला गॅलरीत जाऊन उभं राहा. तिथं वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत असतील तर जागा बदला. ते शक्य नसेल तर संध्याकाळी कुंडीच्या आणि दिव्याच्या मध्ये जुनी चादर टांगा. मी दोन वर्षं तेच केलं.

पेरणीची वेळही याच हिशेबानं ठरवायची. मृगात पेरलेल्या वेलीला अंगानं भरायला दोन-अडीच महिने मिळतात, ती मांडव भरून टाकते. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरात पेरली तर रात्री मोठ्या व्हायला लागलेल्या असतात आणि वितीएवढ्या वेलीवरच फूल येतं. छोट्या खिडकीसाठी, टेबलावरच्या कुंडीसाठी हे फार सोयीचं.

फूल किती वाजता उमलतं तेही अंधारच ठरवतो. अंधार पडल्यापासून साधारण दहा तासांनी निलची कळी उघडते. सप्टेंबरात साडेसहाला सूर्य मावळला तर पहाटे साडेचारच्या सुमाराला. थंडीत सूर्य लवकर मावळतो, त्यामुळं फूल भल्या पहाटे, मिट्ट काळोखातच उमलून बसलेलं असतं आणि हवा गार असल्यामुळं दुपारपर्यंत टिकतं. भर उन्हात मात्र दहाच्या आत ते स्वतःला आत दुमडून घेतं. ढगाळ दिवशी संध्याकाळपर्यंत राहिलेलं फूलही मी पाहिलंय. सकाळी नऊला बाहेर पडणाऱ्या माणसानं वेल बेडरूमच्या किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीशी लावावी, जिथं चहा घेताना ती दिसेल. संध्याकाळी घरी परतून बसायच्या गॅलरीत लावली तर वर्षभर नुसती चुरगळलेली फुलं पाहावी लागतात.

एकदा तरी पहाटे टॉर्च घेऊन कळीजवळ बसा. उमलायच्या आदल्या रात्री कळी छत्रीसारखी पीळ घालून मिटलेली असते. त्या पिळाच्या कडा आधी सैल होतात. मग टोकाशी एक बारीकसं भोक पडतं. पाच-दहा मिनिटं काही घडत नाही, आणि मग एका बाजूची घडी सुटते, लगेच दुसरी, आणि बघता बघता नरसाळं ताठ होतं. हात लावला तर ओलसर, रेशमी वाटतं आणि बोटाचा ठसा त्यावर राहतो.

हेवनली ब्लूची कळी पाहिली असेल तर ती निळी नसते, जांभळट-लालसर असते. उमलताना तिचा रंग बदलतो. रंगद्रव्य तेच राहतं, बदलतो तो पाकळीच्या पेशींतल्या रसाचा सामू. मातीचा सामू शेतकरी तपासतात तसाच हा. जपानी संशोधकांनी १९९५ साली पेशीत सूक्ष्म सुई घालून तो मोजला. कळीत ६.६, उमललेल्या फुलात ७.७. म्हणजे आम्लाकडून अल्काकडे जाताना जांभळ्याचं निळं होतं. फूल कोमेजलं की ते पुन्हा लालसर दिसायला लागतं. घरात मुलं असतील तर सकाळी दहानंतर मिटलेली फुलं गोळा करून पाण्यात चुरगळा. तो रस दोन वाट्यांत घ्या, एकात लिंबू पिळा, दुसऱ्यात खायचा सोडा टाका. लिंबाच्या वाटीतला रस डोळ्यादेखत गुलाबी होतो.

सोयरेधायरे

मॉर्निंग ग्लोरी आवडली की माणूस तिच्या गोतावळ्याकडे वळतोच. त्यात पहिली गणेशवेल. दोऱ्यासारखी चिरलेली नाजूक पानं आणि त्यात लालभडक पाच टोकांची चांदणी. आपल्याकडे ती इतकी रुळलीय की अमेरिकेच्या उष्ण भागातून आलेली आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. जूनमध्ये पेरली की नेमकी गणपतीच्या दिवसांत बहरते. मखराच्या बाजूला दोन कुंड्या ठेवल्या तर प्लॅस्टिकच्या वेलींची आठवणही होत नाही. पांढरी आणि गुलाबीही मिळते. हिच्या लाल नळीवर शिंजीर येतो, म्हणून जाळी खिडकीपासून हातभर लांब ठेवा, म्हणजे त्याला बुजायला होणार नाही. एकच सांभाळायचं. बी फार पडतं. पुढच्या वर्षी शेजारच्या तुळशीच्या कुंडीत उगवलेली रोपं वेळीच उपटा.

दुसरी गुलचांदणी, आयपोमिया अल्बा. ही संध्याकाळची वेल. दिवेलागणीला तळहाताएवढं पांढरं फूल काही मिनिटांत उमलतं आणि मंद सुवास सुटतो. सकाळी घाईत असणाऱ्या, संध्याकाळी घरी असणाऱ्यांनी हीच लावावी. तिला जागा मात्र भरपूर लागते, जमिनीत लावली तर उत्तम. या वेलीचा एक वेगळाच इतिहास आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले लोक सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी रबराच्या चिकात हिचा रस मिसळून तो घट्ट आणि लवचीक करत आणि त्यापासून खेळायचे चेंडू बनवत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी १९९९ मध्ये ही कृती प्रत्यक्ष करून दाखवली.

समुद्रशोक तुम्ही पाहिला असेल. ताटलीएवढं पान, खालून रुपेरी मखमल. तो आयपोमियाचा चुलत भाऊ, घराच्या गॅलरीचा नव्हे, वाड्याच्या फाटकाचा.

कोकणात किनाऱ्यावर गेलात की वाळूवर पसरलेली जांभळ्या फुलांची वेल दिसते. ती मर्यादवेल. पुन्हा आपट्यासारखं दुभंगलेलं पान. भरतीची मर्यादा जिथं संपते तिथून ही सुरू होते, आणि तिची मुळं वाळू धरून ठेवतात. ‘सुंदर आहे’ म्हणून तिची फांदी बॅगेत घालून पुण्याला आणणारे लोक मी पाहिलेत. ती इथं कुंडीत सुखी होत नाही आणि तिथं तिच्याविना वाळू उडते. ती जिथं आहे तिथंच बघा. किनाऱ्यावर रिसॉर्ट किंवा घर बांधत असाल तर ‘साफसफाई’ म्हणून ती उपटू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आणि बेशरम. ओढ्याकाठी, तळ्यात, कालव्यात माजलेली ती गुलाबी फुलांची झुडपं याच कुळातली आहेत. कुंपणासाठी तिच्या फांद्या कुणी देत असेल तर घेऊ नका. हिच्या पाल्यात स्वेनसोनिन नावाचं विष असतं. शेळ्यामेंढ्यांना हिची चटक लागली की हळूहळू तोल जातो, मान थरथरते आणि जनावर दगावतं.

रताळंही मॉर्निंग ग्लोरीच आहे, हे ऐकून माझ्या आईला फार नवल वाटलं होतं. एकादशीला उकडून खातो ते हेच, आयपोमिया बटाटास. कोल्हापूर-बेळगावकडे रताळ्याच्या शेतात हिवाळ्यात फिरलात तर फिकट जांभळी, मधोमध गर्द अशी तीच नरसाळी दिसतील. काही वाणांना फुलं येतच नाहीत. तेव्हा नवा वाण काढणारे संशोधक रताळ्याच्या फांदीचं कलम मॉर्निंग ग्लोरीच्या खुंटावर बांधतात, म्हणजे फांदीला फुलं येतात आणि संकर करता येतो. घरात कोंब फुटलेलं रताळं टाकून देऊ नका. अर्धं बुडेल असं पाण्याच्या बरणीत ठेवलं तर खिडकीत हिरवी वेल होते. शोभेच्या पोपटी आणि जांभळ्या पानांच्या रताळवेली नर्सरीत मिळतात, त्या टांगत्या कुंडीला छान. पाण्यात वाढणारी नाळीची भाजी हीदेखील आयपोमियाच, लसूण-मिरचीवर परतली की चव लागते.

रताळं आणि नाळ खातो म्हणून बाकीच्या वेलीही खायच्या असं कुणी समजू नये. काळा दाणा तीव्र रेचक आहे, ट्रायकलरच्या बियांत मेंदूवर परिणाम करणारी द्रव्यं असतात आणि विकत आणलेल्या बियांना पुष्कळदा कीटकनाशक चोळलेलं असतं. घरात रांगतं मूल असेल तर पिकलेली फळं वेळच्या वेळी काढून कपाटात वरच्या फळीवर ठेवा.

बी राखणं

सगळ्यात समाधान देणारं काम शेवटी येतं, डिसेंबर-जानेवारीत. फूल पडल्यावर महिनाभरात फळ पिकतं. हिरवी गोळी तपकिरी होते, टरफल कागदासारखं वाजायला लागतं, आणि बोटानं दाबलं की तीन खणांतून चार ते सहा काळी बियाणी हातावर येतात. हिरवट फळं तोडू नका, ती बियाणी सुरकुततात. सावलीत आठवडाभर वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या डबीत दमट राहून बुरशी धरते. नीट वाळलेलं बी कित्येक वर्षं उगवतं.

निल जात बहुतांशी स्वतःच्याच परागानं फळ धरते. फूल उघडता उघडता पुंकेसर वाढून कुक्षीला घासून जातात. त्यामुळं आवडलेल्या फुलाचं बी राखलं तर बहुतेक तसंच फूल पुन्हा मिळतं. पर्प्युरियाचं तसं नाही. तिच्यावर मधमाश्या फार, दोन रंग शेजारी लावले तर पुढच्या वर्षी काय येईल सांगता येत नाही. एकाच रंगाचं बी हवं असेल तर आदल्या संध्याकाळी कळीवर मलमलीची छोटी पिशवी बांधा आणि सकाळी रंगाच्या मऊ कुंचल्यानं त्याच फुलातला पराग कुक्षीला लावा. फळाच्या देठाला लाल दोरा बांधायला विसरू नका.

बी राखण्यातून केवढं काही उभं राहतं, याचं एक उदाहरण याच पर्प्युरियाचं आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ऑट आडनावाचे एक आजोबा होते. त्यांच्या आईवडिलांनी बव्हेरियातून येताना गर्द जांभळ्या, लाल चांदणीच्या मॉर्निंग ग्लोरीचं बी आणलं होतं. ते त्यांनी नातीला, डायेन ऑट व्हीलीला दिलं. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं १९७५ साली सीड सेव्हर्स एक्स्चेंज ही घरोघरची जुनी बियाणी जपणारी संस्था काढली. ‘ग्रँडपा ऑट्स’ हा वाण आज भारतातही ऑनलाइन मिळतो.

जपानची गोष्ट त्याहून विलक्षण. निलची वेल तिथं चीनमधून औषध म्हणून गेली, बारा शतकांहून अधिक काळापूर्वी. तिथं तिला असागाओ म्हणतात. एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि पुन्हा १८५०च्या सुमाराला, लोक तिच्या वेड्यावाकड्या फुलांच्या मागं लागले. फाटक्या झालरीसारखी, कारंज्यासारखी, कमळासारखी दुपट्ट फुलं. टोकियोच्या इरिया भागात आजही दर वर्षी ६ ते ८ जुलै असागाओचा बाजार भरतो, आणि क्यूशू विद्यापीठात या विचित्र वाणांचा संग्रह जतन करून ठेवलाय. पण मला त्या फुलांपेक्षा ती राखणाऱ्यांचं कसब मोठं वाटतं. सगळ्यात देखणी दुपट्ट फुलं वांझ असतात, त्यांना बी धरत नाही. मग वाण टिकवायचा कसा? तिथले बागवान त्याच फळातून उगवलेल्या साध्या दिसणाऱ्या भावंडांचं बी जपत. त्या साध्या वेलींत तो गुण लपलेला असतो आणि त्यांच्या काही रोपांत पुढच्या वर्षी तो बाहेर येतो. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेलचा निबंध छापला गेला १८६६ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी एदोतले हे लोक, कोणतं रोप दिसायला साधं असलं तरी पोटात काय घेऊन आहे, याचा रोजच्या नजरेतून हिशेब ठेवत होते.

आपल्या पाकिटांवरही तसंच लिहा. जात, पानाचा आकार, फुलाचा रंग, कळीत कसा होता आणि उमलल्यावर कसा, पेरल्याची तारीख, पहिलं फूल कधी आलं, कुंडी कुठं ठेवली होती. आणि ज्या वेलीची भावंडं वेगळ्या रंगाची निघाली, तिच्या पाकिटावर तेही नोंदवा. माझ्याकडे २०१७ सालचं एक पाकीट आहे, त्यावर ‘आकाशी, पण एका फुलावर पांढरा फराटा’ असं लिहिलंय. पाकिटातली अकरा बियाणी शिल्लक आहेत. या मृगात त्यातली पाच भिजत घालणार आहे.